मागालाही सुटी असायची

खापा हे कन्हान नदीच्या काठावरचं गाव. नागपूर जिल्हा, सावनेर तालुका. गाव लहान, पण नगरपालिका जुनी, थेट 1867 सालची. आमच्या भागातल्या जुन्या माणसाला खापा म्हटलं की अजूनही हातमाग आठवतो. कोष्ट्यांची वस्ती, घरात जमिनीत खड्डा खणून बसवलेले माग, आणि उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत खटक-खट, खटक-खट. मी 2001 साली लग्न होऊन इथे आले तेव्हा पुष्कळ घरांतले माग उचलले गेले होते. आमच्याकडे मात्र एक चालू होता. सासरे त्यावर बसत. ते गेले आणि 2009 साली तोही थांबला.

मागावर बसणारा माणूस एक दिसतो, पण त्याच्यामागे घरातल्या बायका राबत असतात हे मला सासरी आल्यावर कळलं. सूत उकलायचं, रहाटावर कांड्या भरायच्या, ताण्याला खळ लावायची तेव्हा दुसऱ्या टोकाला उभं राहायचं. धोट्यातली कांडी संपली आणि दुसरी भरलेली नसली की माग थांबतो, म्हणजे मजुरी थांबते. म्हणून चुलीवर भात ठेवून, मांडीवर पोर घेऊन कांड्या भरायच्या. सासूबाईंनी हे सतराव्या वर्षापासून साठीपर्यंत केलं. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा अजून नीट वळत नाही. मजुरी अर्थातच सासऱ्यांच्या हातात पडायची.

अमावास्येला मात्र आमच्या घरी माग बंद. अगदी कडक. सासरे म्हणत, लाकडालाही दम खाऊ द्यावा. धोटा पुसून कोनाड्यात जायचा, सासरे दाढी करून गावात चक्कर मारून येत, दुपारी जेवून ताणून देत. एकदा मी सासूबाईंना सहज विचारलं, “आई, मग अमावास्येला तुम्हाला पण सुटी असायची का?”

त्या हसल्या. “बाईले कायची सुटी वं? त्या दिशी तं सारं धुणं राहे. गोधड्या, चादरी, पोट्ट्यांचे कपडे, सारं डोक्यावर घेऊन नदीवर जावं लागे.”

मी म्हटलं, बरोबरच आहे. मागाला सुटी, बाईला धुणं. आणि तो विषय तिथेच राहिला.

आता माझं सांगते. 2022 च्या नवरात्रात महाराष्ट्र सरकारने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ नावाचं अभियान काढलं होतं. अठरा वर्षांवरच्या सगळ्या बायकांची तपासणी. आशाताई दोनदा घरी येऊन सांगून गेल्या. मी गेले ती सासूबाईंना सोबत म्हणून. रांगेत उभी होते तर तिथल्या सिस्टर म्हणाल्या, “तुम्हीही बोट द्या.” दिलं. हिमोग्लोबिन निघालं 7.6.

बाईमाणसाचं ते 12 च्या वर असावं लागतं, आणि 8 च्या खाली गेलं तर त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. घरची शिलाई करत होते, सकाळी साडेपाचला उठत होते, दोन डबे देत होते. पाण्याची घागर ओट्यावर ठेवली की छाती धडधडायची. संध्याकाळी पायात कोणी शिसं ओतल्यासारखं व्हायचं. मुलगा दहावीत होता, त्याच्यावर उगाच ओरडणं व्हायचं आणि मग रात्री वाईट वाटायचं. पाळी वीस-बावीस दिवसांनी यायची आणि आठ-आठ दिवस जायची. आमच्याकडे याला ‘वयाचं आहे’ म्हणतात. माझी आई म्हणायची, मोठी बहीण म्हणायची, शेजारच्या काकू म्हणायच्या. सगळ्यांनी ते तसंच काढलेलं, त्यामुळे कोणालाच त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

मी काही जगावेगळी नव्हते. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी शेकडा 54 जणींना रक्तक्षय निघाला. म्हणजे आपल्या भिशीत वीसजणी असतील तर त्यातल्या दहा-अकरा. आणि विदर्भाचीच एक जुनी गोष्ट सांगते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत साडेसहाशे बायकांची तपासणी केली होती. तो अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या 92 जणींना ओटीपोटाचा, पाळीचा, अंगावरून जाण्याचा काही ना काही आजार होता. आणि त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या शंभरात फक्त 8. त्या बायका शेतात जात होत्या, मोळ्या आणत होत्या, कोणी अंथरुणाला खिळलेली नव्हती. दुखतं ते अंगावर काढायचं, आणि अंगावर काढणारीलाच ‘सोशिक’ म्हणून शाबासकी द्यायची, ही आपली जुनी रीत.

अभियानाने माझं भलंच केलं, तेव्हा त्याला नावं ठेवू नयेत. पण त्याचं नाव मात्र मला थोडं खटकतं. माता सुरक्षित तर घर सुरक्षित. म्हणजे आई कशासाठी धड असावी? तर घरासाठी. 2025 च्या सप्टेंबरात केंद्र सरकारचं आलं तेही ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’. खांब शाबूत हवा, कारण वर छप्पर आहे. खांबालाही ठणका लागतो म्हणून कोणी खांबाकडे पाहिलं, असं एक तरी अभियान निघावं असं मला वाटतं. असो.

पुढे नागपूरला सोनोग्राफी झाली. गर्भाशयात एक लहान गाठ निघाली, साधी. पाळी आटोक्यात यायला गोळ्या दिल्या, दोनदा सलाईनमधून लोह दिलं, मग लोहाच्या गोळ्या. चौथ्या महिन्यात 11.4 झालं. डॉक्टरबाईंनी दोन-तीन गोष्टी इतक्या नीट सांगितल्या की त्या इथे लिहून ठेवते. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घ्यायची नाही. चहाने लोह अंगी लागत नाही. जेवण झाल्या झाल्या जो अर्धा कप आपण घेतो, तोच मुळात घात करतो. तास-दीड तास जाऊ द्यावा. लिंबू, आवळा, संत्रं सोबत असेल तर लोह चांगलं अंगी लागतं. आणि आम्ही तर संत्र्याच्या मुलखातले. कॅल्शियमची गोळी असेल तर ती वेगळ्या वेळी. शौचाला काळं होतं, घाबरून गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि हिमोग्लोबिन ठीक झालं म्हणून लगेच थांबायचं नाही, अंगातला साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात. मुंगण्याची पानं, हरभऱ्याचा पाला, तीळ, डाळी, लोखंडी कढईतली भाजी हे सगळं करावंच, पण 7.6 ला नुसत्या पालेभाजीने भागत नाही, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं. मला हे फार आवडलं. नाहीतर आपल्याला जो तो बीट खायला सांगतो.

आणखी एक सांगितलं ते म्हणजे रोज पाऊण तास स्वतःचा ठेवायचा. चालायचं, आणि चालून झालं की बसायचं.

गोळ्या घेणं सोपं होतं हो. पाऊण तासाचं कठीण गेलं.

मी घरात सांगितलं की रोज संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा मी घरात नाही. आमच्या ह्यांनी “जा ना, कोण नाही म्हणतं?” असं म्हटलं. हे वाक्य प्रत्येक घरातल्या पुरुषाला पाठ असतं. नाही कोणीच म्हणत नाही. पण साडेपाचला यांची सावनेरहून यायची वेळ, दूधवाला साडेपाचचा, शिलाईच्या बायका माप द्यायला येतात त्याही त्याच वेळी. पहिल्या पंधरवड्यात मी पाचदा निघू शकले. उरलेले दहा दिवस काही मोठं कारण नव्हतं. कधी भाजी उरकायची राहिली, कधी नणंदेचा फोन. आणि एक गंमत पाहा. पिठाच्या गिरणीत जायचं असलं, किराणा आणायचा असला, तर मी दहा मिनिटांत पदर खोचून बाहेर पडत असे, कोणाला विचारतही नसे. नुसतं फिरायला निघताना मात्र चपला पायात घालून दारात उभी राहायची आणि घरात कोणी काही मागतं का याची वाट पाहायची.

सासूबाईंना हे पसंत नव्हतं. त्या तोंडावर बोलणाऱ्यातल्या नाहीत. पण एक दिवस पोळ्या लाटताना म्हणाल्याच, “आमी का नाही केलं? आमी कोठी गेलो होतो फिराले?”

मी जरा चिडूनच म्हटलं, “आई, अमावास्येला नदीवर जात होता ना?”

“ते तं धुणं धुवाले.”

“किती वेळ लागे?”

त्या थांबल्या. मग सांगायला लागल्या, आणि सांगता सांगता हसायला लागल्या. सकाळी न्याहारी करून निघायचं. गल्लीतल्या सात-आठजणी. गोधड्या दगडावर आपटायच्या, खडकावर वाळत घालायच्या. आणि त्या वाळेपर्यंत काय करणार? बसायचं. पाण्यात पाय सोडून. भाकर आणि जवसाची चटणी बांधून नेलेली असे. एकीचा आवाज चांगला होता, ती गाणी म्हणे. कोणाला दिवस राहिले, कोणाची सासू कशी, कोणाच्या अंगावरून फार जातं, हे सगळं तिथे बोलायचं. एकदा सासूबाई खडकावर झोपल्या त्या उन्हं कलल्यावर उठल्या. “मायबाई, कशी झोप लागली होती वं ते!” पन्नास वर्षांपूर्वीची झोप, अजून आठवते त्यांना.

“मग आई, सुटीच की ती.”

“सुटी कायची? धुणं होतं,” असं म्हणून त्यांनी पोळी तव्यावर टाकली.

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला. आपल्या आज्या, सासवा विसावा घेतच नव्हत्या असं नाही. घेत होत्या, पण त्याला कामाचं नाव देऊन घेत होत्या. धुणं म्हणून नदी. उन्हाळ्यात पापड-कुरडया म्हणून दुपारभर पाचसात जणींचं अंगण. देवदर्शन म्हणून दुसऱ्या गावचा फेरा. मुलींना भुलाबाईची गाणी म्हणायची म्हणून त्यांच्यासोबत बसणं. हातात काहीतरी असलं की कोणी बोट दाखवत नाही. विसावा चोरून आणायचा आणि कामाच्या फडक्यात गुंडाळून घरात घ्यायचा, अशी ती सोय होती.

मग घरात नळ आले. आमच्याकडे 2016 साली धुण्याचं मशीन आलं. पापड विकत मिळू लागले. ही सगळी सुखं आहेत, त्यांना मी नावं ठेवणार नाही. गोधड्या आपटून ज्यांच्या कमरा गेल्या त्यांना विचारा. पण त्या कामांबरोबर आतलं बसणंही गेलं आणि त्याची नोंद कोणी घेतली नाही. मशीनने जो तास वाचवला तो माझ्या हाती आलाच नाही. तो मुलांच्या शिकवणीच्या ने-आणीत आणि शिलाईत गेला. आता विसावा हवा असेल तर तो विसावा या नावानेच मागावा लागतो. आणि तसा मागायची आपल्यापैकी कोणालाच सवय नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभरातल्या माणसांच्या वेळेची पाहणी केली होती. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका शंभरात 81, पुरुष 26. जे करतात त्यांचा दिवसाचा हिशेब काढला तर बाईची 299 मिनिटं आणि पुरुषाची 97. मी हे यांना वाचून दाखवलं. म्हणाले, “मी सव्वीसात आहे की नाही?” मी म्हटलं, “आजपासून या.” तेव्हापासून साडेपाचचं दूध हेच घेतात आणि तापवतातही. पहिल्या आठवड्यात दोनदा उतू गेलं. मी ओटा पुसला नाही. जीव नुसता वरखाली होत होता, पण नाही पुसला.

मुलाला सांगितलं होतं की संध्याकाळचा चहा तू करायचा. तो आजीला विचारून विचारून शिकला, आणि आता आजीला त्याच्याच हातचा लागतो. शिलाईवाल्या बायकांना मी पाटीच लावली: सायंकाळी साडेपाच ते सव्वासहा दुकान बंद. दुकान कसलं, ओसरीतलं मशीन ते. पण पाटी लागली आणि लोकांनी मानली. एक शहाणी म्हणाली, “लंच टाइम का?” म्हटलं, हो, तसंच समजा. तोंडाने सांगितलेली वेळ कोणीही मोडतो, लिहिलेली मोडायला माणूस कचरतो, असा माझा अनुभव आहे. आणि वेळ ठरलेली हवी. ‘सवड मिळाली की’ म्हणाल तर सवड मिळत नसते. सासऱ्यांनी कधी सवड मिळाली की माग बंद ठेवला नाही. अमावास्या आली की ठेवला.

सगळेच दिवस पाळले जातात असं मात्र नाही. महालक्ष्म्यांचे तीन दिवस, मुलाची परीक्षा, घरात कोणी आजारी असलं की पाटी उलटी होते. सासूबाई मागच्या वर्षी पाय घसरून पडल्या तेव्हा सहा आठवडे मी उंबरठ्याबाहेर पडले नाही. पण पाटी खिळ्यावर होती, म्हणून परत सरळ करता आली.

आता मी अठ्ठेचाळिशीत आहे. पाळी लांबू लागली आहे. आपल्याकडच्या बायकांची ती साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमाराला थांबते. सलग बारा महिने आली नाही की थांबली असं धरायचं. या दिवसांत अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, रात्री घाम फुटतो, झोप मोडते, क्षुल्लक गोष्टीला रडू येतं. माझ्या एका मैत्रिणीला वाटायचं तिला वेड लागतंय. वेड नाही, शरीरातला बदल आहे, आणि फार झालं तर त्यावर औषधही आहे. हाडं याच वयात ठिसूळ व्हायला लागतात, म्हणून चालणं, सकाळचं ऊन, दूध-दही सोडू नये. आणि एक गोष्ट मात्र कोणी ‘वयाचं आहे’ म्हणाली तरी ऐकायची नाही: पाळी वर्षभर थांबून नंतर पुन्हा रक्त दिसलं, एक डाग जरी, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे. तिशी ओलांडलेल्या बाईचा रक्तदाब, साखर, तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रामार्फत करायची, अशी योजना आहे. आशाताईंना विचारलं की त्या दिवस सांगतात. तपासणीला लाज वाटते, मलाही वाटली. पाच मिनिटांत संपते.

सध्या संध्याकाळी मी नदीकडे जाते. पावसाळ्यात कन्हान फुगते तेव्हा लांबूनच पाहायचं, एरवी काठाने चालायचं आणि मग थोडा वेळ बसायचं. आता आम्ही चौघी झालो आहोत. त्यातल्या एकीला रिकाम्या हाताने बसवत नाही. ती पिशवीत मेथीची जुडी घेऊन येते आणि बोलता बोलता निवडते. बाकीच्या तिला हसतात. मी म्हणते, निवडते तर निवडू द्या, तिला घरून निघायला ते बरं पडत असेल. मागच्या आठवड्यात मात्र तिने माझ्यासाठीही एक जुडी आणली, “तेवढंच तुझं काम हलकं” म्हणून. ती मी तशीच तिच्या पिशवीत परत घातली.